शेजाऱ्याचे शेततळे फुटून पीक गेले, तर जबाबदार कोण?

प्रश्न : आमचे शेत यवतमाळ जिल्ह्यात असून वरच्या अंगाला शेजाऱ्याचे शेततळे आहे. यंदा त्याचा बांध फुटला, पात्यांवर आलेली कपाशी उपटून गेली आणि धुऱ्यापर्यंत गाळ साचला. आपण मुद्दाम काहीच केले नाही, असे शेजारी म्हणतात. तरीही भरपाई मागता येईल का?

उत्तर : होय. १८६८ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च अपील न्यायालय) रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात ठरवले, की जमिनीचा अनैसर्गिक वापर करून साठवलेली धोकादायक वस्तू निसटली, तर हलगर्जीपणा सिद्ध न होताही मालक जबाबदार ठरतो. तिथेही जलाशयाचेच पाणी शेजारच्या खाणीत शिरले होते.

उत्तर : इतके सोपे नाही. मद्रास रेल्वेच्या खटल्यात जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले होते, तरी १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळात भारतातील खटल्यांचे लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालय) हे तत्त्व लावले नाही. कारण सिंचनाचे तलाव हा इथल्या शेतीचा पूर्वापार आधार असून ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते. म्हणून बांधाची डागडुजी झाली नव्हती किंवा सांडवा बुजलेला होता, हे दाखवण्यावरच तुम्ही सारा भर द्यावा, असे माझे ठाम मत आहे. अतिवृष्टी असल्यास शेजारी दैवी आपत्तीचा, म्हणजे माणसाच्या हाताबाहेरच्या नैसर्गिक संकटाचा बचाव घेतील. गाळ उचलण्याआधी तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्या आणि सांडव्याचे फोटो काढा.

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली मेहता खटल्यात (दिल्लीतील कारखान्याच्या वायुगळतीचे प्रकरण) सांगितलेली निरपवाद जबाबदारी, म्हणजे जिच्यात दैवी आपत्तीसारखा बचावही चालत नाही अशी जबाबदारी, घातक उद्योगांसाठी आहे, शेततळ्यासाठी तिचा आधार घेऊ नये.