उत्तर: गेंटचा तह आणि माणसांचे दर
गुलाममालकांना भरपाई देण्याची सुरुवात ब्रिटनच्या गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३च्या कायद्यातील दोन कोटी पौंडांपासून झाली, असे म्हटले जाते. रकमेबाबत दुमत नाही, पण सुरुवात तिथली नव्हे. ब्रिटनने अमेरिकी मालकांना याआधीच पैसे मोजले होते, आणि तेही १८१२च्या ब्रिटन-अमेरिका युद्धात मालकांच्या शत्रूला, म्हणजे ब्रिटनलाच, जाऊन मिळालेल्या गुलामांपोटी. एप्रिल १८१४मध्ये ब्रिटिश नौदलाचे अ‍ॅडमिरल कॉक्रेन यांनी जाहीरनामा काढला, की अमेरिका सोडू इच्छिणाऱ्यांनी कुटुंबासह यावे, सैन्यात भरती व्हावे किंवा ब्रिटिश वसाहतींत स्वतंत्र म्हणून राहावे. अमेरिकेच्या पूर्वेकडील चेसापीक उपसागराच्या काठावरून हजारो माणसे होड्यांतून ब्रिटिश जहाजांवर पोहोचली, आणि त्यांच्यातील कित्येक पुरुष ‘कलोनियल मरीन्स’ या तुकडीत दाखल होऊन आपल्याच जुन्या मालकांच्या प्रदेशात लढले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये हे युद्ध संपवण्यासाठी झालेल्या गेंटच्या तहातील पहिल्या कलमात, माघार घेताना गुलाम किंवा इतर खासगी मालमत्ता सोबत नेऊ नये, अशी अट होती; तिच्यावरून पुढे वाद पेटला, १८२२मध्ये रशियाच्या झारने लवाद म्हणून अमेरिकेच्या बाजूने कौल दिला आणि १८२६च्या करारानुसार ब्रिटनने १२,०४,९६० डॉलर भरले. त्यासाठी ठरवलेले सरासरी दर वाचताना आजही अंगावर काटा येतो: लुइझियानातील माणसामागे ५८०, जॉर्जिया व साउथ कॅरोलिनासाठी ३९०, व्हर्जिनिया आणि मेरीलँडसाठी २८० डॉलर. ज्यांच्यापोटी हे पैसे दिले गेले, त्यांतील काही सैनिक तोवर त्रिनिदादमध्ये मिळालेल्या प्रत्येकी सोळा एकरांवर शेती करत होते. ‘फिफ्थ कंपनी’सारखी तिथल्या गावांची नावे त्यांच्या पलटणीवरूनच पडली आहेत.