पावसाळ्यात जी-६-पीडीची मूल्ये का घसरतात?

प्रश्न (फोंडा):
नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेत नवजात बालकांच्या टाचेतून गाळणकागदावर घेतलेल्या वाळक्या रक्तठिपक्यांवरून जी-६-पीडी या, तांबड्या रक्तपेशींचे रक्षण करणाऱ्या एन्झाइमची सक्रियता स्वयंचलित फ्लुओरोमीटरवर मोजली जाते. जून लागल्यापासून कमी मूल्यांचे अहवाल वाढले आहेत. कॅलिब्रेशन वेळेवर झाले आहे, दोन्ही पातळ्यांचे कंट्रोलही (आधीच मूल्य माहीत असलेले तपासनमुने) मर्यादेत आहेत. मग दोष कुठे शोधावा? पालकांना विनाकारण धास्ती घालणे मनाला पटत नाही. पावसाळ्यापुरता कटऑफ (ज्या मूल्याखाली कमतरता धरली जाते ती मर्यादा) खाली आणावा, असाही एक विचार पुढे आला आहे.

उत्तर (पणजी):
कंट्रोल बरोबर येतात, यातच उत्तर दडलेले आहे. या अभिक्रियेत तयार होणारे एनएडीपीएच हे संयुग सुमारे ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून ४६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देते आणि यंत्र तेवढेच मोजते. ठिपक्यातील एन्झाइम वाटेत किती नष्ट झाले, हे त्याला कळत नाही. कंट्रोल शीतकपाटातून थेट यंत्रावर येतात, तर काणकोण किंवा सत्तरीहून निघालेले कार्ड दमट, उष्ण हवेतून येते आणि जी-६-पीडीला ओल व उष्णता दोन्ही सोसत नाहीत. रोजच्या सर्व बालकांच्या मूल्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) काढून नमुना घेणाऱ्या केंद्रांनुसार आलेख ठेवा. एखाद्याच केंद्राचा मध्यक खाली आला असेल, तर शंका त्या केंद्रावरील हाताळणीवर घ्यावी.

उत्तर (म्हापसा):
कार्ड आडवे ठेवून, उन्हापासून दूर, किमान तीन-चार तास वाळले पाहिजे. ओलसर कार्डे एकावर एक रचून पिशवीत भरली जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे. पिशवीत सिलिका जेल आणि आर्द्रतादर्शक पट्टी ठेवा. पट्टीचा निळा रंग गुलाबी झाला असेल, तर त्या कार्डावरील कमी मूल्य ग्राह्य न धरता नवा नमुना मागवावा.

उत्तर (मडगाव, बालरोगतज्ज्ञ):
कटऑफ मात्र कृपया खाली आणू नका, कारण त्यामुळे खरोखर कमतरता असलेले बालक निसटेल आणि त्याची तीव्र कावीळ मेंदूपर्यंत पोहोचू शकते. कमी मूल्य आल्यास शिरेतील रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत थंड ठेवून मागवावे आणि सक्रियता प्रतिग्रॅम हिमोग्लोबिनवर कळवावी. नुकताच रक्तपेशींचा ऱ्हास झाला असेल, तर तरुण पेशींमुळे मूल्य फसवे चांगले दिसते. मुलींमध्ये मूल्य सामान्य आणि कमतरता यांच्या मधलेही येऊ शकते. खात्रीचा अहवाल हाती येईपर्यंत डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे बाळाला घालू नयेत, एवढे पालकांना त्याच दिवशी सांगावे, कारण कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी या गोळ्यांतील नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी कपाटांत या गोळ्या असतात.