साबणाच्या पंपात दोष नाही म्हणे!

रानजाई:
"पंप अडकतो तो वापरणाऱ्याच्या आळसामुळे, यंत्रणा निर्दोष आहे," असं कालच्या चर्चेत एकांनी ठणकावलं. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा. तोंडाशी राहिलेला थेंब वाळतो, भोक बारीक होतं आणि पुढच्या दाबाला पिचकारी तिरकी उडते. माझ्या तर थेट डोळ्यात गेली. यात माझा आळस कुठे आला? शिवाय आत पोलादी स्प्रिंग, भोवती प्लास्टिक. रीसायकलिंगसाठी हे वेगळं कोण करत बसणार? सगळा प्लास्टिकचा पंप निघालाय, तो वापरा ना!

साचेकार:
पंपांचे साचे करण्यात उमेदीची वर्षं गेली माझी. प्लास्टिकची स्प्रिंग फार काळ दाबलेली राहिली की मलूल पडते. दांडा खाली दाबून लॉक केलेले पंप गोदामात महिनोन्‌महिने तसेच असतात. पोलाद पुन्हा उसळतं.

रानजाई:
मग दांडा वर असतानाच लॉक करा. तसेही पंप आहेत, तुम्हाला माहीत असणारच.

खटपट्या:
एवढा काथ्याकूट कशाला? साबणात थोडं पाणी घाला, पंप लोण्यासारखा चालतो. मी कायम घालतो.

निळीशाई:
कृपा करून हे कुणी करू नका! पाण्याने साबणातलं प्रिझर्वेटिव्ह पातळ होतं आणि सूडोमोनाससारखे जिवाणू त्यातच वाढू शकतात. उरलेल्या साबणावर नवा ओतणंही चूक. बाटली रिकामी करा, धुवा, वाळवा, मग भरा.

खटपट्या:
आमच्या घरी सगळे ठणठणीत आहेत. उगाच घाबरवू नका.

निळीशाई:
माझ्या आईची केमोथेरपी चालू असताना डॉक्टरांनी पहिल्यांदा बेसिनवरची बाटली फेकायला लावली. तुमच्या घरच्यांची तब्येत हा पुरावा नव्हे.

खटपट्या:
आजारी माणसाचं वेगळं, एवढं मान्य. पण फेसाच्या पंपात पातळच लागतं की!

साचेकार:
त्यासाठी मुळातच पातळ बनवलेला साबण मिळतो. त्या पंपात हवा आणि साबण यांचे कप्पे वेगळे, दोन्ही जाळीतून एकत्र बाहेर येतात. दाट साबण ओतलात तर जाळी बुजते.

रानजाई:
पाण्यावरून भांडून झालं असेल, तर माझ्या थेंबाचं काय?

साचेकार:
दांडा वर येताना तोंडाशी उरलेला साबण मागे खेचणारी रचना करता येते. खर्च वाढतो म्हणून बरेचजण टाळतात. तेवढा दोष आमचा. स्प्रिंग मात्र पोलादीच हवी.