मदत हवी आहे: बॉल पायथन उंदीर खात नाही

माझा दीड वर्षाचा नर बॉल पायथन (पाळीव अजगराची एक जात) सात आठवडे उपाशी आहे. आधी छोटे उंदीर खायचा. मोठ्या जातीच्या उंदराच्या (रॅट) पिल्लावर आणल्यापासून तोंड फिरवतो. गोठवलेलं भक्ष्य वितळवून, कोमट करून चिमट्याने देतो. जीभ लपलपवतो, झडप घालायला मानेचा इंग्रजी एस आकार करतो, आणि ऐनवेळी मागे सरकतो! रात्रभर ठेवून पाहिलं, जुन्या उंदराचा वास चोळून पाहिलं. व्यर्थ.

उबदार बाजू 32 अंश, थंड 26, आर्द्रता 60 टक्के, लपायला दोन जागा. कात व्यवस्थित टाकली, श्वासात घरघर नाही. वजन 640 वरून 622 ग्रॅम. जिवंत भक्ष्य द्यायचं नाही, ते सापाला चावलं तर जखम व्हायची.

पुन्हा छोट्या उंदरांवर यावं की दोन आठवडे काहीच न देता थांबावं? आणि वजन किती घटलं की डॉक्टर गाठायचा?