एन्कॉस्टिक सुरू करायचंय: सामान कुठून आणायचं, आणि सोबत कोणी आहे का?

रंगरेषा_नागपूर
नमस्कार मंडळी. मी जलरंगात काम करते, लँडस्केप जास्त. मध्यंतरी फयूम पोर्ट्रेट्सचे मोठे फोटो बघायला मिळाले, इजिप्तमध्ये पहिल्या ते तिसऱ्या शतकात ममीवर बसवायचे ते लाकडी फळीवर रंगवलेले चेहरे, त्यातली बरीच मेणात रंगवलेली आहेत आणि इतक्या वर्षांनी पण कातडीवरचा उजेड असा ताजा की बघतच राहिले. तेव्हापासून डोक्यात हेच, आपल्याला पण असं गरम रंगीत मेणात रंगवायचंय, ज्याला एन्कॉस्टिक म्हणतात. पण इथे शिकवणारं कोणी माहीत नाही, व्हिडिओत दाखवतात ते सामान सगळं अमेरिकेतलं. मेण कुठलं घ्यायचं, घरच्या घरी जमेल का, आणि मुख्य म्हणजे नागपूरचा मे महिना! ४५-४६ डिग्रीत चित्र वितळून खाली येणार नाही ना? आपल्याकडे हे करणारं कोणी असेल तर प्लीज बोला, एकटीने करायचं जिवावर येतंय.

मेणाचा_माणूस
ताई, जरूर करा, घरी जमतं. मी पुण्यात करतो. मेण मधमाशांचंच हवं, मेणबत्तीचं पॅराफिन नको, ते ठिसूळ असतं, चिरा जातात. मधपाळांकडे थेट विचारा, मध काढल्यावर त्यांच्याकडे मेण उरतंच, महाबळेश्वर भागात तर मधाचा मोठा धंदा आहे. पिवळं मेण स्वस्त पडतं पण निळा रंग त्यात हिरवट दिसतो, म्हणून फिक्या रंगांसाठी गाळून पांढरं केलेलं घ्या. त्यात डॅमर रेझिन (एका झाडाची राळ) घालायचं, वजनाने साधारण ८ भाग मेणाला १ भाग, त्याने मेण कडक होतं आणि चकाकी येते. पूजेच्या दुकानातली राळ घेऊ नका, तिच्यात काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही.

बेस म्हणून प्लाय घ्या. कॅनव्हास वाकतो आणि थर तडकतो. ॲक्रिलिक जेसो (कॅनव्हासला आधी देतात तो पांढरा लेप) अजिबात लावू नका, मेणाला आत शिरायला जागा मिळत नाही आणि नंतर पापुद्रा निघतो. तुम्ही जलरंगवाल्या आहात ना, मग तुमचाच ३०० जीएसएमचा कागद प्लायवर चिकटवा आणि त्यावर रंगवा, मस्त धरतं. ब्रश डुकराच्या केसांचे, नायलॉनचे गरम पत्र्यावर वितळतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक थर दिल्यावर हीट गनने (गरम हवा फेकणारं यंत्र) तो खालच्या थरात वितळवून जोडायचा. पृष्ठभाग ओलसर चमकला की लगेच थांबायचं. हे जोडणं राहिलं तर थर एकमेकांवर नुसते बसलेले असतात, कधीतरी सुटतात. माझं तर म्हणणं आहे सुरुवातीला रंग घालूच नका, नुसत्या बिनरंगी मेणाचे थर जोडायची सवय करा, हात बसला की रंग.

स्वरा_के
दादांनी तापमानाचं लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण काळजी तिथेच घ्यायला हवी. मधमाशीचं मेण ६२-६४ डिग्रीला वितळतं, कामाला ८० ते ९० पुरे. डॅमर विरघळवताना थोडं जास्त लागतं, पण धूर दिसला म्हणजे फार तापलंय, तो धूर छातीला वाईट. थर्मामीटर हवाच, अंदाजावर नको. खिडकीत एक्झॉस्ट लावा, नुसता सीलिंग फॅन हवा तिथल्या तिथेच फिरवतो. गॅसच्या शेगडीवर करू नका, थर्मोस्टॅटची इलेक्ट्रिक हॉटप्लेट घ्या. मेणाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, झाकण ठेवायचं. हीट गन १५००-२००० वॅटची असते, १५ ॲम्पियरच्या सॉकेटलाच लावा, हॉटप्लेटसोबत एकाच एक्स्टेन्शनवर तर नाहीच. पावडर पिगमेंट वापरणार असाल तर मास्क लावा, आणि कॅडमियम-शिशाचे रंग घरात मुलं असतील तर नकोच.

उन्हाळ्याचं, खोलीत चित्र वितळणार नाही, पण मऊ पडतं, बोटाचा ठसा उमटतो. पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, मे महिन्यात कुरिअरने पाठवू नका, बंद कारमध्ये तर मिनिटभर पण ठेवू नका. पॅक करताना आधी बटर पेपर, मग बबल रॅप, नाहीतर बबलचे गोल गोल ठसे उठतात. काही महिन्यांनी वर पांढुरकं आलं तर घाबरू नका, मऊ सुती कापडाने हलकेच घासलं की जातं.

बॉस्टनकर_अजय
मी मॅसॅच्युसेट्समध्ये असतो, इथे या माध्यमाची वेगळीच दुनिया आहे. जोआन मॅटेरा या चित्रकर्तीने २००७ मध्ये इंटरनॅशनल एन्कॉस्टिक कॉन्फरन्स सुरू केली, नंतर ती प्रॉव्हिन्सटाउनला भरू लागली, त्यात डेमो, चर्चा, एकमेकांची कामं बघणं सगळं असतं. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सचं ‘फ्लॅग’ (१९५४-५५) हे चित्र बघितलं असेल, वर्तमानपत्राचे तुकडे मेणाखाली दिसतात. इनॅमल रंग लवकर वाळेना म्हणून तो मेणाकडे वळला, मेण पटकन थिजतं आणि प्रत्येक फटकारा वेगळा राहतो. रंगरेषाताई, हे मुद्दाम सांगतोय, कारण जलरंगात तुम्ही वाट बघता, इथे वाट बघायला वेळच मिळत नाही, ते एकदा आवडलं की सुटत नाही.

सोबतीचं म्हणाल तर ‘एन्कॉस्टिक’ करणारेच शोधत बसू नका, मेण हाताळणारे शोधा. बाटिकवाले, ब्राँझ ओतणारे शिल्पकार, ढोकरा करणारे (मेणाच्या साच्यातून पितळी मूर्ती ओतणारे कारागीर), या सगळ्यांना मेणाचा स्वभाव आपल्यापेक्षा जास्त कळतो. नागपूरला चित्रकला महाविद्यालय आहे, तिथे विचारून बघा.

रंगरेषा_नागपूर
बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! शिल्पकारांचं तर सुचलंच नव्हतं. एकच विचारते, डॅमर आणि मेण मी स्वतः मिसळू की तयार मीडियम (आधीच मिसळलेलं मेण-डॅमर) मागवू?

मेणाचा_माणूस
पहिल्यांदा तयार मागवा, महाग पडेल पण मेण कसं वागायला हवं ते एकदा कळेल. मग स्वतःचं करा, गाळायला मलमलचं कापड लागेल, डॅमरमध्ये सालीचा कचरा असतो.

ओतकाम_विदर्भ
ताई, मी नागपूरलाच आहे, छोटी ब्राँझ शिल्पं करतो, मेणाचं भांडं आणि थर्मामीटर दोन्ही आहे. रविवारी सकाळी स्टुडिओ मोकळा असतो, पहिलं मिश्रण माझ्याकडे करू या. प्लाय आणि ब्रश तुमचे आणा, अजून कोणी नागपूरचं वाचत असेल तर त्यांनी पण या. मेसेज करा, पत्ता पाठवतो.