सागरतळ पसरतो, तर मधली रांग उंच का होत जात नाही?

काठावरचा: मध्य अटलांटिक रांगेवर, म्हणजे अटलांटिक महासागराच्या तळाशी मधोमध असलेल्या डोंगररांगेवर वाचताना एका जागी गाडी अडली आहे. मधल्या भेगेतून शिलारस येतो, गोठतो, पुन्हा येतो. मग लाखो वर्षांत तो ढीग पाण्याबाहेर यायला नको का? आणि सतत नवा तळ तयार होतोय, तर पृथ्वी फुगत कशी नाही? जाणकारांनी सांगावं.

खडकवेडा: ढीग आधी डोक्यातून काढा. रांग उंच आहे ती लाव्हा साचला म्हणून नव्हे, खालचा खडक तापलेला आहे म्हणून. तापलेला खडक फुगलेला, हलका. बाजूला सरकला की निवतो, आकसतो, खाली बसतो. माथ्यावर पाणी साधारण अडीच किलोमीटर खोल. १० कोटी वर्षं जुन्या तळावर साडेपाच किलोमीटरच्या आसपास. तो सगळा उतार म्हणजे खडकाचं वय.

आणि शिलारस तळ ढकलून फाडतो, हेही नाही. भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे प्रचंड तुकडे) दूर जातात, फट पडते, प्रावरणातला (कवचाखालच्या थरातला) खडक वर येतो आणि दाब उतरल्यामुळे वितळतो. आच कुणी वाढवत नाही! पाठ्यपुस्तकांतल्या त्या लाल बाणांनी फार घोळ केलाय.

नकाशेबाज: फुगण्याचा प्रश्न बाळबोध नाही बरं का. सागरतळाचे अभ्यासक ब्रूस हीझन काही काळ पृथ्वी फुगते असंच मानायचे. त्यांच्या सहकारी मेरी थार्प यांनी १९५२ च्या सुमारास समुद्राच्या खोलीच्या नोंदी कागदावर उतरवताना रांगेच्या माथ्यावरची खचदरी (तळ ताणून खचल्याने झालेली दरी) हेरली, ती हीझन यांनी आधी ‘बायकी गप्पा’ म्हणून उडवून लावली होती. पृथ्वी फुगत नाही, कारण जुना तळ गर्तांमध्ये, म्हणजे समुद्रतळावरच्या खोल लांबट खाचांमध्ये, परत आत जातो.

काठावरचा: पण अटलांटिकच्या काठांना गर्ता जवळपास नाहीतच. मग तिथे ओढतं कोण?

खडकवेडा: नेमकं पकडलंत. पॅसिफिकमध्ये बुडणारी जड कड भूपट्टाला ओढते, म्हणून तिथली पूर्वेची रांग काही ठिकाणी वर्षाला १५ सेंटिमीटरपर्यंत पसरते. अटलांटिकमध्ये मुख्यतः उंच माथ्यावरून उताराला घसरणं, म्हणून जेमतेम दोन-अडीच. तेवढ्यावरही हिशेब जमतो: शेवटची चुंबकीय उलथापालथ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल, सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. एका बाजूसाठी अडीचचा निम्मा वेग धरला, तर आजच्या दिशेने चुंबकित झालेला बसाल्ट (गोठलेल्या लाव्ह्याचा खडक) माथ्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा किलोमीटर मिळायला हवा. आलटून पालटून उलट-सुलट चुंबकित झालेल्या खडकाचे असे पट्टे भूशास्त्रज्ञ वाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये उलगडले, आणि त्यासाठी मोजमापं वापरली ती हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग रांगेची.