जर्मनीतील स्वयंसेवेचे वर्ष : सहा आठवडे झाले, वृद्धाश्रमातील बोली कळत नाही

सातारची_मुक्ता

सर्वांना नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, वय २२. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात बी-१ पातळीपर्यंत जर्मन शिकून १ सप्टेंबरपासून मी बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, रॉइटलिंगनजवळच्या एका लहान गावातील वृद्धाश्रमात बीएफडी, म्हणजे तिथल्या संघीय स्वयंसेवा योजनेखाली, एका वर्षासाठी रुजू झाले आहे. कागदपत्रांचा भाग माझ्या भीतीपेक्षा पुष्कळ सोपा गेला. आश्रमाच्या कार्यालयातील बाई माझ्यासोबत गावच्या नगरपालिकेत आल्या, पत्त्याची नोंदणी झाली, आरोग्य विमा सुरू झाला आणि राहायला खोलीही चांगली मिळाली. माझी अडचण प्रत्यक्ष कामातली आहे.

गेल्या मंगळवारचा प्रसंग सांगते. आमच्या मजल्यावरील ८९ वर्षांच्या एका आजींना सकाळी पलंगाच्या कडेला बसवले होते. त्या उठू पाहत होत्या आणि मला दोनदा म्हणाल्या, "हेब मी!" वर्गात 'हेबन' म्हणजे उचलणे असे शिकल्यामुळे मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर उचलू लागले. त्या इतक्या घाबरल्या की पलंगाचा कठडा घट्ट धरून ओरडल्या. परिचारिका धावत आली आणि माणसाला असे उचलायचे नसते, हे तिने मला सर्वांसमोर सुनावले. तिचे चुकले असे मी म्हणत नाही. परंतु मी आजींनी सांगितले तेच करत होते, हे मला जर्मनमध्ये सांगता आले नाही, याचे दुःख अजून गेलेले नाही.

त्या दिवसापासून कोणाजवळ जायचे म्हटले की माझे हात आखडतात. बहुतेक आजी-आजोबांचे निम्मे बोलणे मला कळत नाही. संध्याकाळी साडेपाचला थंड पाव आणि चीज असे जेवण उरकले की पुढचा वेळ खायला उठतो, आणि रविवारी तर दुकानेही बंद असतात. घरी फोन करून रडायचे नाही असे ठरवल्यामुळे इथे विचारते आहे. माझी भाषाच कच्ची आहे का? आणि सहा आठवड्यांत परत जाण्याचा विचार मनात येणे म्हणजे माझी निवडच चुकली असे समजायचे का?

अनिकेत_पुणे

मुक्ता, मी २०१८-१९ मध्ये श्वेबिश आल्बच्या डोंगराळ भागात अपंग व्यक्तींच्या एका निवासी संस्थेत हेच वर्ष केले, त्यामुळे तुमचा प्रसंग वाचताना मला माझाच पहिला महिना आठवला. आधी महत्त्वाचे सांगतो : तुमची भाषा कच्ची नाही. तुमच्या भागातल्या श्वाबी बोलीत 'हेबन' म्हणजे धरणे. उचलण्यासाठी तिथे 'लुप्फन' असा वेगळाच शब्द आहे. आणि 'मी' म्हणजे मला. आजी तुम्हाला "मला धर" असे सांगत होत्या. उठताना तोल जाऊ नये म्हणून त्यांना फक्त तुमचा हात हवा होता. वर्गात शिकवतात ती प्रमाण जर्मन. शाळेच्या पुस्तकातून मराठी शिकलेला एखादा जर्मन मुलगा मालवणात गेला आणि आजीने त्याला "खंय चललंस?" असे विचारले, तर तो गोंधळणारच, त्यासाठी त्याचे मराठी कच्चे ठरत नाही.

असे ओळखीचे वाटणारे पण अर्थ बदललेले शब्द सर्वांत जास्त फसवतात. तिकडे कोणी 'टेपिश' मागितला तर गालिचा आणायचा नाही, अंगावर घ्यायचे ब्लँकेट आणायचे. 'लाउफन' म्हणजे पळणे नव्हे, चालणे. जॅमला 'क्सेल्त्स' म्हणतात. आणि एक शब्द कृपया आजच वहीत लिहून ठेवा : 'फूस'. प्रमाण भाषेत तो पाऊल, पण श्वाबी माणूस कमरेपासून खालचा संपूर्ण पाय 'फूस' म्हणतो. पडलेल्या आजी "फूस दुखतो" म्हणाल्या आणि तुम्ही पावलाला दुखते आहे असे पुढे सांगितले, तर खुब्याचे हाड मोडलेले असूनही कोणाचे तिकडे लक्ष जाणार नाही. म्हणून दुखण्याची तक्रार ऐकली की बोटाने जागा दाखवायला सांगा आणि लगेच प्रशिक्षित परिचारिकेला बोलवा. स्वयंसेवकाने औषध द्यायचे नसते, तसेच दुखण्याचा अर्थही एकट्याने लावायचा नसतो.

मी खिशात तळहाताएवढी वही ठेवत असे आणि ऐकलेला शब्द देवनागरीत, जसा कानावर पडला तसाच, लिहीत असे. अक्षरे अचूक लिहिण्याच्या नादात शब्द निसटून जातो. दुपारी तीनच्या कॉफीच्या वेळी ती वही मी तिथल्याच एखाद्या वयस्क माणसापुढे धरायचो आणि अर्थ विचारायचो. दिवसभर ज्यांच्यासाठी सगळे काही इतर लोक करतात, अशा माणसाला कोणी काही शिकवण्याची विनंती केली की त्याचा चेहरा कसा बदलतो, हे तुम्ही एकदा पाहाच.

वसुधाकाकू_श्टुटगार्ट

मुक्ता बाळा, मी २१ वर्षे इथे आहे आणि त्यातील १४ वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचेही थोडे सांगते. तुला सर्वांसमोर बोलायला नको होते. ते बाजूला घेऊन सांगता आले असते. मात्र इथल्या माणसांची एक रीत समजून घे. "ओरडले नाही म्हणजे पुरेसे कौतुक केले," अशी श्वाबी लोकांची म्हणच आहे. चूक झाली की ती त्याच क्षणी, आडपडदा न ठेवता सांगतात आणि दहा मिनिटांनी तुझ्यासोबत कॉफी प्यायला बसतात. आपण ते मनाला लावून घेऊन आठवडाभर गप्प राहतो, आणि त्यांना वाटते की मुलीला कामात रस नाही. उद्या त्या परिचारिकेकडे जा, 'हेबन'चा घोटाळा सांग आणि पलंगावरून खुर्चीत बसवण्याची पद्धत तिच्याकडून नीट शिकून घे. त्या पद्धतीत पाऊल कुठे ठेवायचे, गुडघा कुठे लावायचा, आजीने पुढे झुकेपर्यंत किती थांबायचे, हे सगळे ठरलेले असते. ते येऊ लागले की तुझ्या हातांची भीती आपोआप जाईल.

राहत्या इमारतीत 'केअरवोख' आहे का, तेही बघ. आळीपाळीने एकेका घराने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा, ही या भागातील जुनी प्रथा. दाराच्या मुठीला पाटी अडकवली की पाळी आपली, आणि काम झाले की ती पाटी शेजारच्या दाराला. मी नवीन असताना ती पाटी परिचयपत्रक समजून आठ दिवस तशीच राहू दिली आणि शेजारीण माझ्याशी बोलेनाशी झाली. पुढच्या पाळीला जिना स्वच्छ पुसला, तेव्हा तिनेच दार उघडून केक दिला.

जेवणाचे म्हणशील तर संध्याकाळचे थंड जेवण मलाही वर्षभर जड गेले. दुपारचे गरम जेवण कधी चुकवू नकोस. तुझ्या त्याच आल्ब डोंगरात मसुरासारखी डाळ पिकते. तिचे जुने वाण नाहीसे झाले होते, ते २००६ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे संग्रहात सापडले आणि शेतकऱ्यांनी पुन्हा पेरले. आश्रमात 'लिन्झन मिट श्पेत्स्ले', म्हणजे ही डाळ आणि जाडसर शेवया, असेल त्या दिवशी पोटभर जेव. शाकाहारी असशील तर मात्र आधी विचार, कारण डाळीत बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. संध्याकाळी खोलीवर एक पातेले आमटी केलीस तरी घर घरासारखे वाटेल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातील. मग भारताशी फरक साडेतीन तासांऐवजी साडेचार तासांचा होईल, तेव्हा आईला फोनची नवी वेळ आत्ताच सांगून ठेव, नाहीतर ती जागत बसेल. डिसेंबरात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या अंधाराने भल्याभल्यांचे मन खचते, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी उजेडात तासभर चालायचेच. श्टुटगार्टमध्ये मराठी माणसे बरीच आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, आणि इथल्याच मर्सिडीज कंपनीच्या चाकणच्या मोटार कारखान्यामुळे येणे-जाणेही पुष्कळ असते. महिन्यातून एखाद्या रविवारी आमच्याकडे ये. प्रत्येक रविवारी मात्र बोलावणार नाही, कारण गावातल्या गायनवृंदात किंवा व्यायाम मंडळात तुझी ओळख व्हायची ती त्याच दिवसांत.

निरंजन_देव

वरील दोघांनी मनाचे सांगितले, मी फक्त नियमांचे लिहितो. बीएफडी २०११ मध्ये सुरू झाली, ती सक्तीची लष्करभरती स्थगित झाल्यामुळे. त्यापूर्वी लष्करात जाण्यास नकार देणारे तरुण अशाच संस्थांमध्ये काम करत असत. त्यामुळे जुन्या कर्मचाऱ्यांना नवख्या मुलांची सवय असते. पण त्यातली बहुतेक मुले त्याच भागात वाढलेली होती, हा फरक त्यांच्या लक्षात राहत नाही. बारा महिन्यांच्या सेवेत २५ दिवस प्रशिक्षण शिबिरांचे असतात आणि ते कामाचेच दिवस धरले जातात. ज्या संस्थेमार्फत तुम्ही आलात तिथे तुमच्यासाठी एक मार्गदर्शक नेमलेली असते. तिला फोन करणे म्हणजे आश्रमाची तक्रार करणे नव्हे, तिचे कामच ते आहे. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त तास पडत असतील किंवा गैरहजर कर्मचाऱ्याच्या जागी तुम्हाला एकटीला उभे केले जात असेल, तर तेही तिला सांगा, कारण स्वयंसेवक मदतीला असतो, कर्मचाऱ्याच्या जागी नव्हे.

परत जायचेच ठरले तर तडकाफडकी निघू नका. तुमचा निवास परवाना या सेवेशी जोडलेला आहे. त्याआधी दुसऱ्या संस्थेत बदली मिळते का, हे मार्गदर्शकाकडे जरूर विचारा. बदली होऊ शकते हे अनेकांना ठाऊकच नसते.

सातारची_मुक्ता

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. काल मी आधी परिचारिकेशी बोलले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की ती स्वतः बर्लिनची आहे आणि 'हेबन'वर तिचाही पहिल्या वर्षी असाच गोंधळ झाला होता. आता रोज सकाळी साडेसहाच्या पाळीला ती माझ्याकडून पाच मिनिटे सराव करून घेणार आहे.

त्यानंतर वही घेऊन मी त्याच आजींकडे गेले. त्यांनी वहीतील देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवले आणि ही कोणती लिपी म्हणून विचारले. मग सावकाश, प्रमाण जर्मनमध्ये, मला कळेल अशा बेताने बोलत राहिल्या. त्या मुळात इथल्या नाहीतच. १९४६ मध्ये, दहा वर्षांच्या असताना, महायुद्धानंतर बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, तिथल्या जर्मनांना हाकलले गेल्यावर आई आणि दोन भावांसह मालगाडीच्या डब्यातून त्या या गावी आल्या. शेतकऱ्याच्या बायकोने त्यांना 'टेपिश' आणायला सांगितले आणि त्या घरभर गालिचा शोधत राहिल्या, तेव्हा गावातली मुले त्यांना कितीतरी दिवस त्या नावाने चिडवत होती.

निघताना त्यांनी हात पुढे केला आणि "हेब मी" म्हणाल्या. मी फक्त धरला. काकू, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी मला सुट्टी आहे, चालेल का?

वसुधाकाकू_श्टुटगार्ट

चालेल. सकाळच्या गाडीने ये, म्हणजे दुपारी उजेडात फिरायलाही जाता येईल. आमटीसाठी गोडा मसाला देते, डबा घेऊन ये.